मशीनचे पाय धुणारा गेणू

गेणू मशीनचे पाय धुवायचा. हसू नका. पहिल्या वर्षी मीही हसलो होतो, तेव्हा त्यानं माझ्याकडे असं बघितलं की हातातला चहा तसाच घेऊन मी स्टोअरमध्ये निघून गेलो.

वडगावात तहसील कचेरी ओलांडून पुढे गेलं की आमची शेड लागते. पाणी उपसायच्या पंपांचे पंखे बनवतो आम्ही. मी इथला स्टोअरकीपर, राजेंद्र. चौतीस वर्षं झाली. हत्यारं, ग्रीसचे डबे, मशीनची कागदपत्रं, सगळं माझ्या ताब्यात. कागदाच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते, आणि तिचा मला फार रुबाब वाटायचा, खोटं कशाला बोलू.

गेणू कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला. लोणावळ्याला आलेली माणसं नागफणीचा कडा बघायला जातात, त्या वाटेला त्यांची वाडी. आठ-दहा आदिवासी घरं. शाळा चौथीपर्यंत, जमीन म्हणावी तर भाताची दोन खाचरं. पण लोखंडाचं वजन त्याला नुसतं बघून कळायचं. पहार, चार पाइप, लाकडाचे ठोकळे आणि हाताखाली दोन माणसं. एवढ्या सामानावर तीन टनांचं मशीन तो ट्रकवरून उतरवायचा, दारातून वळवायचा आणि जागेवर बसवायचा. शेवटी मशीनच्या टेबलावर काठोकाठ पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा. पाणी ज्या अंगाला सांडेल त्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवायचा. मग आमचे इंजिनियर लेव्हल लावून बघायचे आणि काही न बोलता चहा प्यायला जायचे.

आमच्या शेडमध्ये तो आला तोच एका मशीनबरोबर, मी लागायच्या तीन वर्षं आधी. देहूरोडच्या लष्करी डेपोत लिलाव झाला होता, त्यात आमच्या मोठ्या शेठनी एक जुना लेथ घेतला. विलायती. त्यावर इंग्रजांच्या गावाचं नाव उठावाच्या अक्षरात ओतलेलं. त्या ट्रकवर हमाल म्हणून अठरा वर्षांचा गेणू बसून आला आणि परत गेलाच नाही. लेथ इतका तेलकट होता की खाली बोटभर राड साचली होती. गेणूनं तो पहारीनं दोन बोटं उचलला, ठोकळे घातले, राड खरवडली आणि घमेल्यातल्या पाण्यानं त्याचे चारी पाय धुतले. मोठे शेठ म्हणाले, हे काय रे? तर म्हणाला, "वरीसभर उबं ऱ्हानार त्ये. पाय धुवायला नगं?"

तेव्हापासून ते सुरू झालं. दरवर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेडमधलं एकूण एक मशीन जॅक लावून दोन बोटं उचलायचं, खालची घाण काढायची, पाय धुवायचे, पुसायचे, परत खाली घ्यायचं आणि पेला ठेवून बघायचं. दुसऱ्या दिवशी पूजा. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. सदतीस दसरे त्यानं असे केले. कायम मात्र त्याला कुणी केलं नाही. तो शेवटपर्यंत बाहेरचा माणूसच राहिला. काम निघालं की निरोप, कामशेतला नाहीतर लोणावळ्याला, जिथं असेल तिथून लोकल पकडून यायचा.

विलायती लेथनंतर जर्मन मशीनं आली. तिकडचे कारखाने बंद पडले की जुनी मशीनं रंग देऊन आपल्याकडे पाठवायचे. आम्ही नव्या नवरीसारखं त्यांचं कौतुक करायचो आणि आतून दाते झिजलेले निघायचे. पण पेट्या! काय लाकूड असायचं त्या पेट्यांना! दीड-दीड इंची फळ्या. मोठे शेठ गेणूला म्हणायचे, घेऊन जा. त्यातून गेणूच्या घराला दार झालं, माळा झाला, धोंडाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, भांड्यांची मांडणी झाली. दारावर अजून पेटीवरच्या उघड्या छत्रीचं चित्र आहे आणि वर दाखवणारे दोन बाण. पुढं पेट्या पातळ होत गेल्या. प्लायवूड आलं, मग पुठ्ठा. मी गेणूला म्हणायचो, तुझं घर पुरं व्हायच्या आत त्यांचं लाकूड संपलं बघ. तो हसायचा.

माझं एक मत आहे, ते सांगून टाकतो. आधी त्यांना जे नको होतं ते आपल्याला विकायचे. आता चांगलं विकतात, पण किल्ली स्वतःकडे ठेवतात. हे मत मला उशिरा सुचलं, एवढंच.

गेल्या पाडव्याला आमच्याकडे जपानी मशीन आलं. कोरं करकरीत. मोठे शेठ वारले, आता त्यांचा मुलगा कैलासशेठ बघतो, त्याची ही पहिली मोठी उडी. पंख्याची वाकडी पाती एकाच बांधणीत पाचही बाजूंनी कापणारं मशीन. गेणूनंच ते उतरवलं. काचसामान उतरवावं तसं, कुठं धक्का लागू दिला नाही. आणि ते चालवायला कैलासशेठनं घेतली कोमल, गेणूची मुलगी.

वशिला नव्हता हो! पोरगी आयटीआयला दुसरी आली होती. पहाटे कुरवंड्याहून चालत निघायची, लोणावळ्याला लोकल धरायची, आठच्या आत मशीनपाशी. मशीन विकणाऱ्या एजंटच्या माणसानं पंधरा दिवस शिकवलं, सोळाव्या दिवशी ती त्यालाच विचारायला लागली. वाडीतली कारखान्यात मशीन चालवणारी पहिली मुलगी. सहा महिने उमेदवारी, आणि दसऱ्याच्या पूजेला कायम केल्याचं पत्र, असं कैलासशेठनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. गेणूला स्वतःला सदतीस वर्षांत मिळालं नव्हतं ते. श्रावणापासून तो मला एकच विचारायचा, "राजाभाऊ, पत्र टाइप झालं का वो?" मी म्हणायचो, अरे, दसरा तर येऊ दे!

मशीन बसवलं त्या दिवशी एक जपानी इंजिनियर आला होता. भला माणूस, सारखा वाकायचा. जाताना, कैलासशेठ समोर नसताना, त्यानं माझ्या हातात एक कागद दिला आणि एजंटकरवी सांगितलं की हा तुमच्या भाषेत लिहून मशीनपाशी भिंतीवर लावा. काय होतं त्यात? तर या मशीनच्या पोटात एक डबी आहे. मशीन जागेवरून हललं, तिरकं झालं, की डबीला कळतं. मग मशीन कुलूप लावून घेतं. ते कुलूप त्यांच्याशिवाय कुणी काढू शकत नाही. त्यांच्या देशाचा कायदाच आहे तसा. असलं मशीन चोरून भलत्याच जागी जायचं आणि त्यावर बॉम्बचे भाग व्हायचे, ही त्यांना भीती. आम्ही पंपाचे पंखे करतो. पण ते कुणाला सांगणार?

कागद मी वाचला. मराठीत लिहून काढलाही. मग भिंतीकडे बघितलं तर रंगाचे पोपडे निघालेले. दसऱ्याला भिंतीला रंग द्यायचाच आहे, म्हटलं, रंग झाला की लावू, नाहीतर उगाच खराब व्हायचा. कागद कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

खंडेनवमीचा आदला दिवस आला. गेणू सकाळीच घमेलं, जॅक आणि जुन्या धोतराची फडकी घेऊन हजर. एकेक मशीन उरकत दुपारी जपानी मशीनपाशी आला. मी तिथंच उभा होतो, हातात चहाची बशी. त्यानं जॅक खाली सारला, आणि मला कागद आठवला.

हो. आठवला. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. लख्ख आठवला मला तो कागद. आणि मी मनात म्हटलं, दोन बोटं तर उचलतोय, जातंय कुठं ते मशीन? शिवाय आता सगळ्यांसमोर अडवलं तर कागद का लावला नाही ते आधी सांगावं लागेल. मी चहा प्यायलो.

"हं... घ्या. हळू. बास, बास!" गेणू म्हणाला. एक अंग दोन बोटं वर आलं. खाली जेमतेम धूळ होती, नवं मशीन ते. तरी त्यानं पाय धुतले. कोमल शेजारी उभी राहून पाणी ओतत होती. मग दुसरं अंग. मग पेला. पाणी तसूभर हललं नाही. गेणूनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. झेंडूचा हार, नारळ, पेढे. कैलासशेठच्या खिशात पाकीट होतं, त्याचं टोक दिसत होतं. आधी मशीन सुरू करू, मग पत्र देऊ, असं ठरलेलं. धोंडाबाईसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा शेडमध्ये आली होती, नवं लुगडं नेसून, दाराशी उभी. कोमलनं हळदीकुंकवाच्या बोटानं बटण दाबलं.

पडद्यावर लाल पट्टी आली. दोन ओळी इंग्रजी. कोमलनं वाचल्या, परत बटण दाबलं. परत लाल पट्टी. त्या ओळी मला पाठ होत्या, कपाटातल्या कागदावर त्याच होत्या.

एजंटला फोन लावला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, मशीन हलवलं का? आणि दुसरा, नोटीस लावली होती का? कैलासशेठनं फोन कानाला तसाच ठेवून आमच्याकडे बघितलं. मग त्यानं पेढ्यांचा खोका झाकला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. पाकीट खिशातच राहिलं.

तिकडून निरोप आला की मशीन कुणी हलवलं, का हलवलं, हे लेखी पाठवा. आम्ही तपासू. मग आमचा इंजिनियर येईल, मशीन त्याच पत्त्यावर त्याच जागी आहे हे बघेल आणि मग कुलूप उघडायचा आकडा देईल. कधी? ते कळवू. इकडे पंपवाल्यांचा माल महिन्याभरात द्यायचा होता. तो महिना गेला आणि गिऱ्हाइकानं काम काढून दुसऱ्याला दिलं. कैलासशेठचं डोकं फिरलं ते काही उगाच नाही.

लेखी द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गेणू स्टोअरमध्ये आला. नेहमीसारखा फळीवर बसला नाही, उभाच राहिला.

"राजाभाऊ, कागूद हुता म्हनं?"

"होता," मी म्हणालो.

"तुमच्याकडं?"

मी नुसती मान हलवली. वाटलं, आता हा पहार घालतोय डोक्यात. घातली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं. गेणू मग म्हणाला, "तुमचं नाव आलं तर तुमालाबी काडत्याल. मग आत पोरीकडं बगनारं कोन ऱ्हायलं? म्या काय, बाहेरचाच मानूस. मी सांगतो शेटला, मला हलवाया कुनी सांगितलं न्हाई आन् मी कुनाला इचारलं न्हाई. झालं. तुमी कोमलला तेवडी संबाळा."

"अरे, पण गेणू..."

"संबाळाल का न्हाई, त्ये सांगा."

"सांभाळीन," मी म्हणालो. त्यानं माझा हात हातात घेतला. तेलानं काळा पडलेला तो हात मला तेव्हा फार जड लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कैलासशेठनं टेबलावर हात आपटला. "कुणी सांगितलं होतं हलवायला?"

"कुनी न्हाई. म्याच."

"सदतीस वर्षं काम करतोस, अक्कल गहाण टाकलीस का? पाय धुतो म्हणे! मशीनला पाय असतात का?"

 मी बाजूच्या खुर्चीवर बसलो होतो. कैलासशेठ माझ्याकडे वळला, "लिहा हो, धार्मिक कारणासाठी एका बाहेरच्या अडाणी कामगारानं परवानगीशिवाय हलवलं." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. खाली गेणूनं सही केली. चौथीतली सही, एकेक अक्षर सुटं. मग शेठ म्हणाला, "आणि उद्यापासून मुलीलाही पाठवू नकोस. बंद मशीनवर तिचं काय काम? सुरू झाल्यावर बघू."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथंच, त्या खुर्चीवरून उठून. मी उठलो तो गेणूला दारापर्यंत सोडायला. बाहेर आल्यावर त्याला म्हणालो, "मशीन सुरू झालं की कोमलला बोलावणं येईल. माझा शब्द." गेणूच्या तोंडावर एकदम उजेड आला. "मंग हुईल की! मशीन काय कायमचं बंद पडतंय व्हय?" असं म्हणून तो स्टेशनकडे गेला. जॅक आणि घमेलं इथंच राहिलं, अजून माझ्या स्टोअरमध्ये आहे.

इंजिनियर आला कार्तिकात. तोच, सारखा वाकणारा. मशीनभोवती फिरला, फोटो काढले, एक आकडा दाबला. दुसऱ्या मिनिटाला लाल पट्टी गेली. एवढंच काम होतं ते. एवढ्यासाठी सात आठवडे! जाताना त्यानं मला कागदाबद्दल विचारलं. भिंतीला रंग झालेला होता. मी कागद लावला.

आठवड्यात एजंटनं एक मुलगा पाठवला, हृतिक नावाचा. तो आता मशीन चालवतो. कैलासशेठला मी एकदा विचारलं, कोमलचं काय करायचं? तो म्हणाला, "त्या घरातलं कुणी आता त्या मशीनजवळ नको. विषय बंद." मी विषय बंद केला. मला रिटायर व्हायला चौदा महिने राहिलेत.

गेणूचा फोन यायचा. दर सोमवारी. धोंडाबाईच्या फोनवरून. "झालं का वो सुरू?" मी म्हणायचो, नाही अजून. एकदा खोटं बोललो, मग दुसऱ्यांदा खरं कसं बोलणार? सुरू झालं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. दोन महिने मी असं केलं. मग फोन येईनासे झाले, तेव्हा जास्त त्रास व्हायला लागला. गेल्या रविवारी स्कूटर काढली आणि कुरवंड्याला गेलो. जे असेल ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून गेलो होतो. कागद आठवला होता, हेसुद्धा.

छत्रीच्या चित्राचं ते दार अर्धं उघडं होतं. गेणू उंबऱ्याशी बसला होता. इतका वाळलेला की मी आधी दुसरंच कुणी समजलो. कामाला कुठं जात नव्हता. धोंडाबाई म्हणाली, "जेवायला बसवलं तरी मशीनचंच घेऊन बसत्यात. माझ्या हातनं मशीन मेलं म्हंत्यात."

मला बघून तो उठायला लागला. "राजाभाऊ! या, या. झालं का सुरू?"

सगळं ओठांवर होतं हो. देवाशप्पथ होतं. त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं.

"नाही अजून," मी म्हणालो.

त्याचे खांदे पडले. पण मग माझ्याच गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हुईल, हुईल. तुमी नका लावून घिऊ मनाला. लांबनं यायचं त्येंला. समुद्रापलीकडनं." आणि घरात बघून ओरडला, "आगं, च्या ठिव! माझ्या पोरीसाटी पळत्यात हे, रविवारचंसुदिक."

तो चहा कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

निघालो तेव्हा वाटेत कोमल भेटली. खालच्या एका रिसॉर्टमध्ये खोल्या आवरायला जाते ती आता. निळा ड्रेस, हातांना फिनेलचा वास. माझ्याबरोबर स्कूटरपर्यंत चालत आली.

"काका, काय सांगितलंत बाबांना?"

"कोमल, मी..."

"हृतिकचा फोन येतो मला," ती म्हणाली. "टूल बदलताना अडकलं की विचारतो. परवाच विचारलं त्यानं. मी सांगितलं कसं करायचं ते."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी स्कूटरची किल्ली शोधायला लागलो, ती हातातच होती.

"बाबांना मी बोलले नाही," कोमल म्हणाली. "बंद आहे म्हणून वाट तरी बघतात. सुरू आहे म्हटल्यावर कशाची वाट बघतील?" तिचा आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "तो कागद लावलात का आता?"

"लावला."

"मराठीत?"

"मराठीत."

"बरं केलंत," असं म्हणून ती वळली आणि चढ चढायला लागली.

स्कूटरला किक मारली तेवढ्यात वरून हाक आली. गेणू दाराला धरून उभा होता, एक हात वर करून. "राजाभाऊ! सुरू झालं की पैला फोन मला! शेटच्याबी आदी मला करायचा, बरं का!"

"हो रे," मी ओरडून म्हणालो. "पहिला तुलाच."